बाहुली दुखते तेव्हा

माणसांच्या बाबतीत मी जन्मभर एक चूक करीत आले आहे. पहिल्या भेटीत ओळख पटली, की मला वाटते, आता याच्याविषयी जाणून घ्यायचे काही उरले नाही! या चुकीची शिक्षा माणसांनी मला पुष्कळदा दिली. एका शब्दाने दिली, ती मात्र अडुसष्टाव्या वर्षी.

लेक माद्रिदला असते. जावई तिकडचाच. पाच वर्षांच्या नातीचे मराठी 'आजी', 'दूध' आणि 'नको' यांच्यापुढे गेलेले नाही. तिने माझ्याकडे यावे म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपणच चार पावले पुढे व्हावे, असे मनाशी ठरवून मी नेरुळच्या घरातल्या गॅलरीत स्पॅनिश शिकायला बसले. दोनशे पानी वही घेतली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आपला. वाण्याच्या खातेवहीसारखा चोख व्यवहार! मुलांच्या एका पुस्तकात बाहुलीच्या चित्राखाली 'मुन्येका' असे छापले होते. मी लिहिले, 'मुन्येका : बाहुली', आणि ते खाते मिटवून टाकले.

जूनमधली एक संध्याकाळ. आमच्याकडे नऊ वाजलेले, तिकडे साडेपाच. फोनवर नात दिसली, ती रडवेली. म्हणाली, "मे द्वेले ला मुन्येका." मला कोण आनंद झाला! 'द्वेले' म्हणजे दुखते, हे मला येत होते. पोरीची बाहुली आजारी पडली होती तर! मीही त्या खेळात शिरले. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटले, "तिला औषध दे, गाणे म्हण, निजव." आणि खळखळून हसले. पोर माझ्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने रडू लागली. जावयाने घाईघाईने फोन ठेवला.

रात्री लेकीचा फोन आला. नात झोक्यावरून पडली होती. मनगटाचे हाड मोडून हात प्लास्टरमध्ये घातला होता.

मी शब्दकोश उघडला. 'मुन्येका' म्हणजे मनगट. 'मुन्येका' म्हणजे बाहुली. आणि लाकडाला रोगण लावायचा चिंध्यांचा बोळा, तोही 'मुन्येका'च! व्युत्पत्तीचे जाणकार या सर्वांच्या मुळाशी 'उंचवटा' हा अर्थ धरतात. मनगटाशी हाडाचा उंचवटा असतो. चिंध्या गुंडाळल्या की तसाच गोळा होतो. आणि चिंध्यांच्या गोळ्याला डोळे काढले, की बाहुली व्हायला कितीसा उशीर?

त्या रात्री मला झोप आली नाही. नात म्हणत होती, 'माझे मनगट दुखते आहे', आणि आजी हसत होती!

पहाटे मनात आले, आपली 'बाहुली' तरी कुठे एवढी सरळ आहे? डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही आपण बाहुलीच म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'निन्या' म्हणजे लहान मुलगी, आणि डोळ्यातली बाहुलीही. लॅटिनमधली 'पुपिल्ला' तशीच, संस्कृतातली 'कनीनका'ही तशीच. इतक्या दूरदूरच्या माणसांना एकच कल्पना सुचावी, याचे कारण साधे आहे. कुणाच्याही डोळ्यात अगदी जवळून पाहावे, तिथे आपलेच इवलेसे रूप उभे असते.

फोनच्या काचेतून नातीचे डोळे मला रोज दिसतात. त्यांत मी मात्र दिसत नाही. तेवढ्यासाठी तिच्याजवळच जायला हवे.

दिवाळीच्या फराळाचा डबा माद्रिदला धाडायचा होता. माझ्या जुन्या लुगड्याची एक चिंध्यांची बाहुली शिवली. तिच्या उजव्या मनगटाला पांढरी पट्टी बांधली आणि चकल्यांच्या शेजारी तिला निजवले. डबा पोचला त्या दिवशी नातीने बाहुली फोनसमोर धरली, पट्टीवर बोट ठेवले आणि आपले बरे झालेले मनगट हलवून दाखवले. म्हणाली, "मुन्येका." मी म्हटले, "मनगट." मग तिने बाहुली उचलून धरली. मी म्हटले, "बाहुली." तिने दोन्ही शब्द घोळून घोळून म्हटले. एकाच शब्दाला आजीकडे दोन शब्द आहेत, याचे तिला भारी नवल वाटले.

मी वही बदललेली नाही. फक्त आता प्रत्येक शब्दाखाली तीन ओळी कोऱ्या सोडते.