सूर्यास्तापूर्वीची मासवडी

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील अंबा-अंबिका लेणी पाहून आम्ही उभयता परतलो, तेव्हा उन्हे कलली होती. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या त्या लेण्यांत उत्तरकालीन जैन मूर्तीही आहेत. दर्शनाने मन भरले होते, पोट मात्र रिकामे. सौ.चा चौविहार, सूर्यास्तास जेमतेम पाऊण तास उरला होता.

रस्त्यालगतच्या साध्या खानावळीत शिरलो. फळ्यावर ठळक नाव : मासवडी. आंबेगाव तालुक्यात मंचरला नोकरीस असताना केवळ नावाला बिचकून हा पदार्थ मी तीन वर्षे टाळला होता. वास्तविक तो या भागाचा संपूर्ण शाकाहारी पदार्थ. संकोचत विचारले, “ताई, कांदा-लसूण चालत नाही आणि दिवस मावळण्याआत जेवायचे आहे. जमेल?”

“बसा काका. तयार सारणात लसूण आहे. तुमच्यासाठी वेगळं करते.”

त्यांनी बेसन हाटले, ओल्या फडक्यावर थापले, तीळ, सुके खोबरे व कोथिंबीर यांचे सारण भरून गुंडाळी केली आणि वड्या कापल्या. रस्सा कांद्याचा म्हणून वगळला. दही द्विदलामुळे आम्हीच नाकारले. बाजरीची गरम भाकरी आणि वड्या यांनीच तृप्ती झाली. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी सौ.ने हात धुतले.

जादा श्रमांचे पैसे पुढे केले, ते ताईंनी घेतले नाहीत. व्रत आपले असते. परंतु ते निभावण्याचे कष्ट पुष्कळदा दुसऱ्याचे हात उपसतात, याची जाणीव त्या सायंकाळी झाली.