कालचीच गाणी

एडिंबरातल्या अशर हॉलच्या दारात आपला फोन एका पिशवीत घालून तिला कुलूप लावतात आणि पिशवी आपल्याच हातात देतात. फोन आहे, पण उपयोग नाही. लिव्हरपूलला, भाऊबीजेच्या रात्री, माझा हात उगाच तिच्याकडे जात होता. 6 नोव्हेंबर 2024 ला, चार दिवसांतल्या तिसऱ्या मैफलीला, मी ती खुर्चीखाली सरकवली, चिवड्याच्या डब्याशेजारी.

बॉब डिलन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा. पियानोमागे बसलेला, त्यामुळे बऱ्याचदा नुसते केसच दिसतात. श्रोत्यांशी बोलणं जवळजवळ नाही. 2021 मध्ये सुरू झालेला हा दौरा 2020 च्या 'रफ अँड राउडी वेज' या अल्बमच्या नावाने, आणि त्यातल्या दहापैकी नऊ गाणी तो या दौऱ्यात गात आला. गाण्यांची यादी फारशी हलत नाही. मग पुढच्या गावाचं तिकीट कशाला, असं पुण्याहून बहिणीने विचारलं होतं. विचारणारी कोण, तर सवाई महोत्सवात माझ्याच सतरंजीवर बसून वाढलेली! दरबारी ऐकायला जाताना 'हा तर गेल्या वर्षी ऐकला' असं आम्ही कधी म्हटलं होतं?

तुलना थोडी ओढूनताणून आहे, कबूल. इथे आलाप नाही, विस्तार नाही. पण शब्द कुठे टाकायचा, हे तो रोज नव्याने ठरवतो. 'की वेस्ट'ची चाल तर दौऱ्यात इतकी बदलली की ध्वनिमुद्रण पाठ असलेला माणूस पहिल्या ओळीला चाचपडतो. 5 तारखेला 'डेझोलेशन रो'चे शब्द तो तालाच्या पुढे पळवत होता. बाहेर गाय फॉक्सच्या रात्रीचे फटाके, आणि आत हा धावतोय. 6 ला तेच शब्द मागे ओढून, सम येऊन गेल्यावर, जणू आठवल्यासारखे ठेवले. गाणं 1965 चं. मला वाटतं, ते गाणं जन्मलं तेव्हा त्याच्या आवाजाला अशी वाट बघणं सुचलंच नसतं.

2007 च्या सवाईत पंच्याऐंशीचे भीमसेनजी गायले. (पुण्यात जाणते लोक त्यांनाही प्रेमाने एकेरीच म्हणत, म्हणून डिलनला 'तो' म्हणताना मला अपराधी वाटत नाही.) रमणबागेच्या मैदानावर लोक रडत होते. त्यातलं किती गाण्यासाठी आणि किती निरोपासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. दिग्गजाच्या म्हातारपणी आपण फार उदार होतो. कान झाकतो आणि डोळे भरून आणतो. लिव्हरपूलला माझंही तेच झालं. म्हणून तर पुढच्या दोन रात्री हव्या होत्या. उदारपणा पहिल्या रात्रीच खर्च होतो. त्यानंतर आवाज कुठे फाटतो, पियानोवर बोट कुठे चुकतं, आणि त्या चुकीवरूनच पुढची जागा कशी निघते, हे ऐकू येतं.

शेवटी 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड', हार्मोनिकावर. दिवे लागले. दारात पिशवी उघडून मिळाली.

फोनवर बहिणीचा निरोप होता, 'आज काय गायला?'

'कालचीच,' मी लिहिलं, आणि नॉटिंगहॅमच्या गाडीची वेळ बघू लागलो.