लिटरामागे किती?

गाडी नवी असो वा जुनी, तिच्याविषयी आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अ‍ॅव्हरेज किती देते?" रंग, वेग, ऐषआराम हे सारे त्यानंतर. या प्रश्नाला कुणी हसतात. मी हसत नाही. घाम गाळून मिळविलेला पैसा पेट्रोल पंपावर मोजणाऱ्याच्या तोंडी तो शोभतो. शिवाय तो मुळात मापाचा प्रश्न आहे, आणि मापाविषयी पवित्र शास्त्र फार कठोर बोलते. अनुवाद ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत एक जड व एक हलके अशी दोन वजने बाळगण्यास मनाई केलेली आहे. धान्याचे माप लहान करून किंमत वाढविणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडतो. त्या काळी माप दुकानदाराच्या हातात असे आणि ग्राहक समोर उभा राहून ते पाहू शकत असे. आज इंधनाचे माप प्रयोगशाळेत ठरते आणि ग्राहकाच्या हाती फक्त छापील आकडा येतो.

अलीकडे चर्चच्या आवारात काही उंच, भारदस्त, महागड्या गाड्या दिसू लागल्या आहेत, ज्यांच्या पाठीवर 'हायब्रिड' असे अक्षर झळकते. आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी, जे बरीच वर्षे आखातात नोकरी करून परतले आहेत, अशी एक गाडी घेतली. त्यामागे हौस होती हे ते लपवीत नाहीत. परंतु पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आम्ही अभ्यासवर्गात वाचले होते, त्याचाही परिणाम होता. मोठी गाडी घ्यायचीच आहे तर निदान सृष्टीवर कमी भार टाकणारी घ्यावी, असा त्यांचा विचार. सहा महिन्यांनी ते एक वही घेऊन माझ्याकडे आले. दर वेळी टाकी काठोकाठ भरून किती किलोमीटर झाले आणि किती लिटर लागले, याची त्यांनी नोंद ठेवली होती. छापील आकड्यापासून वही बरीच दूर होती. "फादर, मला फसवलं म्हणायचं, की मीच स्वतःची समजूत घालून घेतली?" असे त्यांनी विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कारागिरानेही दिले असते. दुसरा प्रश्न मात्र धर्मगुरूकडे घेऊन येण्यासारखा होता. परंतु पहिला सुटल्याखेरीज दुसरा सुटणार नव्हता, म्हणून या विषयावर जे मिळेल ते मी वाचून काढले.

या जातीच्या गाड्यांचा इतिहास फार जुना नाही. २००५ साली अमेरिकेच्या बाजारात लेक्सस आरएक्स ४०० एच ही गाडी आली. ऐषआरामी एसयूव्हीच्या वर्गातील ती पहिली हायब्रिड. तिच्यात सहा सिलिंडरचे, ३.३ लिटरचे पेट्रोल इंजिन होते व सोबतीला विजेच्या मोटरी. वजन सुमारे दोन टन. चारही चाके चालविणाऱ्या आवृत्तीवर अधिकृत आकडा छापलेला होता : गॅलनला शहरात ३१ मैल, महामार्गावर २७ मैल. आपल्या हिशेबात सांगायचे तर लिटरला अनुक्रमे सुमारे १३ आणि साडेअकरा किलोमीटर. शहरातील आकडा महामार्गापेक्षा मोठा हे पाहून वाचक चमकतील, पण हायब्रिडचे मर्म तेथेच आहे.

साधी गाडी ब्रेक लावते तेव्हा तिची सारी गती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिड गाडीत तीच मोटर उलटी फिरून वीज निर्माण करते व ती बॅटरीत साठते. सिग्नलला इंजिन बंद होते, पुन्हा निघताना साठलेली वीज कामी येते. म्हणजे जेथे थांबणे-निघणे अधिक तेथे बचत अधिक. महामार्गावर ब्रेकच क्वचित लागतो, मग परत मिळवायचे काय? तेथे सारी लढाई वाऱ्याशी, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. उंच, रुंद कपाळाच्या गाडीला हे विशेष महाग पडते, आणि त्यावर विजेच्या मोटरीपाशी काही इलाज नाही.

नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेहून परतताना कसारा घाट उतरताना बॅटरी भरभर भरते आणि अर्ध्या वाटेतच भरून जाते, असे त्या गृहस्थांनी वहीत उद्गारचिन्हासह लिहिले होते. त्याचाही हिशेब करता येतो. दोन टनांची गाडी तीनशे मीटर खाली आली म्हणजे दीड युनिटहून थोडी अधिक ऊर्जा मोकळी होते. अशा गाडीच्या बॅटरीची एकूण क्षमताच दीड-दोन युनिटांच्या आसपास असते, आणि ती टिकावी म्हणून तिचा काही भागच वापरात ठेवतात. उरलेला उतार इंजिनाच्या व ब्रेकच्या स्वाधीन. लहान भांड्यात मावेल तेवढेच पाणी घरी येते.

आता छापील आकड्याकडे वळू. अमेरिकेतील जुन्या चाचणीत गाडी रुळांवर, म्हणजे जागच्या जागी फिरणाऱ्या लोखंडी दंडगोलांवर चालवीत. वेग ताशी ९६ किलोमीटरच्या पलीकडे जात नसे, वातानुकूलन बंद असे, हवा बेताची. अशा सौम्य चालीत हायब्रिडचे गुण उठून दिसत आणि दोष झाकले जात. लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ सालच्या मॉडेलांपासून पद्धत बदलली : ताशी १२९ किलोमीटरपर्यंतचा वेग, ३५ अंश तापमानात चालू असलेले वातानुकूलन, उणे ७ अंशांची थंडी हे सारे हिशेबात धरले. साध्या गाड्यांचे शहरी आकडे सरासरी बारा टक्क्यांनी उतरले, तर हायब्रिडचे वीस ते तीस टक्क्यांनी. प्रियस या प्रसिद्ध छोट्या हायब्रिडचा शहरी आकडा ६० वरून ४८ मैलांवर आला, आणि आरएक्स ४०० एच एकत्रित हिशेबात २५ मैलांच्या घरात आली. गाडी तीच होती, फक्त माप रस्त्याच्या जवळ आले.

आपल्याकडे ही चाचणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेत होते. इतरत्रही होते, पण लोकांच्या तोंडी नाव तिचेच. ज्या भारतीय चाचणीतून आपल्या गाड्यांचे आकडे आजवर आले, ती १,१८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांनाही थोडी कमी. सर्वाधिक वेग ताशी ९०, आणि वातानुकूलन बंद. वसईत एप्रिल महिन्यात काच वर करून, वातानुकूलन बंद ठेवून गाडी चालविणारा मनुष्य मला तरी अजून भेटलेला नाही. हायब्रिडमध्ये वातानुकूलन बॅटरीच्या विजेवर चालते, म्हणून रेल्वे फाटकापाशी गाडी निमूट उभी असतानाही मधूनच इंजिन जागे होते. 'लाउदातो सी'च्या ५५ व्या परिच्छेदात पोप महाशयांनी अपायकारक सवयींचे उदाहरण म्हणून नेमके वातानुकूलनाचा वाढता वापर हेच दिले आहे, हे येथे आठवते. त्यात भर म्हणजे पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा आधीच वजा झालेली असते.

गृहस्थांच्या वहीत गावातल्या रहदारीत चौदा, अहमदाबाद महामार्गावर शंभर-एकशे दहाच्या वेगाने बारा, असे आकडे होते. सकाळी मुलांना शाळेत सोडण्याच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तर त्याहून कमी, कारण इंजिन तापेपर्यंत शाळा येते. हे सारे पाहून मी त्यांना सांगितले की छापील आकडा खोटा नाही. ज्या अटींवर तो मोजला त्या अटी मोठ्या अक्षरांत छापत नाहीत, एवढेच.

प्लग-इन हायब्रिडविषयी, म्हणजे घरच्या विजेवरही भरता येणाऱ्या गाड्यांविषयी, मी इतका सौम्य राहणार नाही. श्रीमंत वर्गातील पुष्कळ मोठ्या एसयूव्ही या जातीच्या असतात. त्यांचा कागदावरचा आकडा डोळे दिपविणारा असतो, कारण मालक ती रोज भरील आणि बहुतेक अंतर विजेवर कापील असे चाचणीत गृहीत धरले जाते. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांत प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदविणारे मापक बंधनकारक झाले. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ साली अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन कागदापेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिक निघाले. प्लग-इन हायब्रिडचे मात्र सरासरी साडेतीनपट. यंत्र बिघडलेले नव्हते. माणसे वायर लावीत नव्हती. काही देशांत अशा गाड्यांना करसवलती होत्या. त्या घेतल्या गेल्या आणि वायर डिकीत पडून राहिली. पिशवीत दोन वजने बाळगणे याहून वेगळे ते काय?

आता गृहस्थांचा दुसरा प्रश्न. येथे 'लिटरामागे किती' ही आपली भाषाच थोडी दिशाभूल करते. हजार किलोमीटरला किती लिटर, असे उलटे विचारून पाहावे. दहाची अ‍ॅव्हरेज देणारी मोठी गाडी हजार किलोमीटरला शंभर लिटर पिते. तीच हायब्रिड होऊन चौदा देऊ लागली तर सुमारे एकाहत्तर. बचत एकोणतीस लिटरची. वीस देणारी छोटी गाडी सत्तावीस देऊ लागली तर पन्नासाचे सदतीस होतात. बचत तेरा लिटरची. म्हणजे मोठ्या गाडीला हायब्रिड करणे हे थोतांड नाही, उलट तेथेच लिटर अधिक वाचतात. ज्याला तेवढी मोठी गाडी खरोखरच लागते, त्याने ती घेतली तर मी त्याच्या अंगणात जाऊन आनंदाने आशीर्वाद देईन. पण याच हिशेबात दुसरी ओळही आहे : हायब्रिड नसलेली, साधी, छोटी गाडी पन्नास लिटर पिते आणि सारी करामत करूनही मोठी हायब्रिड एकाहत्तर. आपण बचत कशाच्या तुलनेत मोजतो, यावर उत्तर अवलंबून आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या जुलैत गुरुविद्यार्थ्यांना व उमेदवार धर्मभगिनींना सांगितले होते की नव्याकोऱ्या मॉडेलच्या गाडीत धर्मगुरू दिसला की आपल्याला दुःख होते. साधी गाडी वापरावी. (डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाच विजेवर चालणारी भलीथोरली मर्सिडीज जी-क्लास भेट मिळाली, पण चौकातून माणसाच्या चालीने फिरायला विजेची मोटर उत्तमच.) आम्हा धर्मगुरूंना उद्देशून केलेली ती सूचना मी प्रापंचिकांवर लादणार नाही. आजारी आईला डायलिसिसला नेणाऱ्याची गरज वेगळी, पाच जणांच्या कुटुंबाची वेगळी.

ही पाच जणांची गोष्टच गृहस्थांना सर्वांत पटली. चौदाच्या अ‍ॅव्हरेजने पाच माणसे गेली तर एका लिटरमध्ये सत्तर माणशी किलोमीटर होतात. सत्तावीस देणाऱ्या गाडीत एकटा मनुष्य बसला तर सत्तावीसच. 'लाउदातो सी'च्या २११ व्या परिच्छेदात छोट्या-छोट्या कृतींच्या यादीत एकाच गाडीतून अनेकांनी जाणे हे आले आहे. वाचताना आम्ही त्यावरून भरकन पुढे गेलो होतो. मोत माउलीच्या जत्रेला वांद्र्याला जाताना त्या गृहस्थांनी दोन शेजाऱ्यांना बरोबर घेतले आणि वहीत एक नवा रकाना आखला : गाडीत माणसे किती. गेल्या महिन्यात त्यांनी तो मला दाखविला. सव्वीस नोंदी होत्या. त्यांपैकी एकोणिसांपुढे 'एक' असे लिहिलेले होते.