पाळणा आज बंद

आमच्या घरात मला 'पाळण्याचे आजोबा' म्हणतात. पासष्टी उलटलेल्या आणि सारा जन्म कचेरीत हिशेब तपासण्यात घालवलेल्या गृहस्थाला हे नाव शोभत नाही, हे मलाही मान्य आहे. पण करणार काय! कोणाला नाटकाचा षौक असतो, कोणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा. मला आकाशपाळण्याचा आहे. जत्रेच्या गावी पाऊल टाकले की देवळाच्या कळसाआधी माझी नजर पाळण्याचे टोक शोधू लागते. "देवाला निदान हात तरी जोडा आधी!" असे सौ. म्हणते. मी हात जोडतो, पण डोळे वरच असतात.

या षौकाची एक वहीही आहे. ज्या पाळण्यात बसलो त्याचे गाव, तारीख, पाळण्यांची संख्या, मिळालेले फेरे आणि भाडे, असे रकाने आखून मी नोंदी ठेवतो. परवाच्या मार्गशीर्षापर्यंत अशा एकशे सात नोंदी झाल्या होत्या. एकशे आठवी मला माळेगावची हवी होती, आणि तीही नातवाला शेजारी बसवून. कारण वहीतली पहिली नोंद माळेगावचीच आहे.

माझे आजोळ नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचे. नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागले की सोनखेडमागून लोहा येते आणि लोह्याच्या पुढे माळेगाव. एरवी हे गाव तुमच्या-आमच्या डोळ्यांत भरणार नाही. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथे खंडोबाची यात्रा सुरू होते आणि काही दिवसांसाठी माळरानावर एक शहर वसते. घोडे, उंट, गाढवे विकायला येतात; आमच्या भागाचे भूषण असलेली लाल कंधारी आणि देवणी जनावरे येतात; कुस्त्या होतात, तमाशाचे फड लागतात. भटक्या जमातींची माणसे दूरदूरहून इथे एकत्र येतात. भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत देवाच्या पालखीमागे धावतात. आणि या सगळ्याच्या कडेला पाळणे उभे असतात.

आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी, म्हणजे निजामाच्या राज्यात, पाळण्याचे भाडे हाली पैशात द्यावे लागे. तेव्हा चार लाकडी पेट्यांचा रहाट असे आणि दोन माणसे तो हातांनी फिरवीत. मी पाहिला तो थोडा मोठा, लोखंडी. त्यालाही इंजिन नव्हते. एक पोरगा माकडासारखा सांगाड्यावर चढे, वर गेला की एका बाजूच्या दांड्याला लोंबकळे आणि आपल्या वजनानेच चाक खाली आणी. खाली आले की उडी मारून पुन्हा वर! मला आत बसण्यापेक्षा तो पोरगा व्हावेसे वाटे.

ही करमणूक किती जुनी आहे याचा शोध घेताना मला पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी भेटला. आज बल्गेरियात असलेल्या प्लोव्हदिव्ह शहरात १६२० साली त्याने सणाच्या दिवसांत उभे फिरणारे पाळणे पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हाच मंडी पुढे कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. पाळण्याला अवाढव्य रूप दिले ते मात्र जॉर्ज फेरिस या अमेरिकन इंजिनियरने. पॅरिसने १८८९ साली आयफेल टॉवर उभारला, त्याला तोडीस तोड म्हणून शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनात फेरिसने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसे आकाशात! बिचारा फेरिस तीनच वर्षांनी, ऐन सदतिशीत वारला आणि १९०६ साली त्याचे चाक सुरुंग लावून पाडले गेले. आपल्या जत्रेतला पाळणा त्याच घराण्यातला, पण तो दर पंधरवड्याला सुटा होऊन ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा उभा राहतो. फेरिसला हे जमले नसते.

षौक म्हटला की त्याचे दुखणेही आले. आमच्या जमातीचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे 'आज बंद' ही पाटी. मुंबईत १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले आणि आकाशपाळण्याची भावंडे आपल्याकडेही वाढली. मुलांना घेऊन, मग नातवंडांना घेऊन मी अशा बागा बऱ्याच पाहिल्या. एका बागेत, नाव कशाला सांगू, ज्या एका खेळासाठी आम्ही पहाटे चारला उठून गेलो होतो, नेमका त्यावरच 'देखभालीसाठी बंद' असा फलक होता. दुसरीकडे दीड तास रांगेत उभे राहिल्यावर दोन मिनिटांची फेरी मिळाली आणि नातू उंचीच्या पट्टीत दोन बोटे कमी भरला म्हणून मला एकट्यालाच बसावे लागले. तेव्हा मी स्वतःला डिस्नीलँडची गोष्ट सांगून समजावतो. १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले, तेव्हा नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते, उन्हाने ओले डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या आणि काही खेळ बंद पडले होते. तिथे ही गत, तर आपण कोण!

तर अशा तयारीने आम्ही, म्हणजे मी, सौ. आणि नऊ वर्षांचा नातू, देवगिरी एक्सप्रेसने नांदेडला उतरून लोह्याला मामेभावाच्या घरी पोचलो. सूनबाईने निघताना बजावले होते, "बाबा, तुम्ही बसा हवे तर. त्याला नेऊ नका. कुठल्या नटबोल्टवर उभे असतात ते!" मी म्हटले होते, "मी बघून घेईन." काय बघणार होतो, देव जाणे.

चतुर्दशीच्या संध्याकाळी जीपने माळेगाव गाठले. देवदर्शन झाले, नातवाने उंट पाहिले, भंडाऱ्याने सदरा पिवळा करून घेतला आणि रेवड्यांची पुडी संपवली. मग आम्ही पाळण्यांकडे वळलो. दोन मोठे पाळणे होते. अलीकडचा थोडा जुना, पण सुबक. त्याच्या दिव्यांची नक्षी मला फार आवडली. पण ते दिवे पेटले असूनही चाक हलत नव्हते. शिडीपाशी पन्नाशीचा एक माणूस कंदील घ्यावा तशी बॅटरी धरून वर पाहत होता.

"कधी सुरू होणार?" मी विचारले.

"आज नाही, काका. आज पाळणा बंद हाय."

"अहो, आम्ही मुंबईहून आलो आहोत!"

"लेकराला घेऊन आलाव व्हय?" त्याने नातवाकडे पाहिले आणि मूठ उघडली. मुठीत करंगळीहून जाड अशी एक लोखंडी पिन होती. "पाळणा हिच्यावर डुलतो. बघा, मधे झिजली. आज निघतीलही दोन-चारशे फेऱ्या. पर मी नाही चालवत. नांदेडहून नव्या आणतो, समद्याच बदलतो. उद्या सांजच्याला या."

उद्या! उद्या रात्री आमचे परतीचे आरक्षण होते. यात्रेचा पहिला दिवस म्हणजे त्याच्या वर्षाच्या कमाईचा दिवस, हे माझ्या डोक्यातही आले नाही. मला फक्त माझी एकशे आठवी नोंद दिसत होती. मी थोडा कडकच बोललो. एवढी मोठी यात्रा, आधी तपासायला नको का, वगैरे. त्याने ऐकून घेतले. "आदी तपासलं म्हणूनच कळलं, काका," एवढेच म्हणाला.

इतक्यात नातवाने माझा हात ओढला. "आजोबा, तो बघा, तो चालू आहे!"

पलीकडचा पाळणा खरोखरच झोकात फिरत होता. गाणी वाजत होती, रांगही फार नव्हती. मी दोन तिकिटे काढली आणि रांगेत उभा राहिलो. आमच्यापुढे सात-आठ माणसे असतील. एरवी अशा वेळी मी वहीची घडी मोडून नोंद लिहायला घेतो. त्या दिवशी मात्र माझी नजर सारखी पाळणा जिथे दांड्याला अडकतो तिथे जात होती. तिथे काय आहे, ते खालून मला दिसत नव्हते. पाळणेवाल्याला विचारावे तर गाण्यांच्या गोंगाटात ऐकू जाईना. तो पाळणा उत्तम असेल, बहुधा होताच. पण एकशे सात पाळण्यांत बसलेल्या या तज्ज्ञाने आयुष्यात एकदाही पिन पाहिली नव्हती, हे मला त्या रांगेत कळले. सूनबाईला 'मी बघून घेईन' म्हणालो ते याच्या जोरावर!

आमची पाळी आली आणि मी नातवाचा हात धरून रांगेबाहेर पडलो. तो रडला. अगदी मुसमुसून रडला. "तुम्हीच प्रॉमिस केलं होतं," म्हणाला. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. जीपमध्ये तो सौ.च्या मांडीवर तोंड फिरवून झोपला आणि रस्ताभर मला कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या, म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी सारा गाव शेतात जेवतो. मामेभावाच्या शेतात ज्वारीच्या ताटांची खोप करून पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील आणि खीर असे जेवण झाले. नातू ढेकळांत हुंदडून कालचे सगळे विसरला असे वाटले. पण हात धुताना त्याने हळूच विचारले, "पिना आल्या असतील का हो?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि त्या रात्रीचे आरक्षण रद्द केले. सौ.ने काही न बोलता पुढच्या दिवसाचे कपडे पिशवीत वर काढून ठेवले.

संध्याकाळी पोचलो तेव्हा पाळणा रिकामा फिरत होता. कालच्या माणसाने आम्हाला ओळखले, पण लगेच बसवले नाही. दहा फेरे रिकामे झाले. मग त्याची बायको, धाकटा मुलगा आणि भाचा असे घरचेच लोक बसले; पुन्हा पाच फेरे. प्रत्येक थांब्याला तो एकेका पाळण्याचा दांडा हलवून पाही. मग तिकिटे सुरू झाली. माणसे बसवण्याची त्याची रीतही मी प्रथमच नीट पाहिली. ओळीने न भरता, इकडे एक पाळणा भरला की तो समोरचा भरत होता. जाड माणूस आला की समोर दोन पोरे जास्त. चाकाचा तोल राहावा म्हणून. मला आणि सौ.ला एकत्र बसू दिले नाही, यावरून काय ते समजावे.

नातू माझ्या शेजारी बसला. चाक वर गेले आणि अगदी टोकाला असताना खाली माणसे भरण्यासाठी थांबले. अमावास्येची रात्र, चहूकडे मिट्ट काळोख, आणि मधेच यात्रेचे दिवे. घोड्यांच्या बाजारातल्या चुली, देवळाची रोषणाई, तमाशाच्या तंबूचा उजेड. लोह्याच्या बाजूला रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांची दिव्यांची ओळ. थंडीने नातवाने माझ्या शालीत हात खुपसले.

"आजोबा, आता भीती नाही ना?"

"नाही रे."

"मला थोडी वाटते. मज्जा येते."

उतरल्यावर मी त्या माणसाला दुप्पट पैसे देऊ लागलो. त्याने एकाच फेरीचे घेतले, बाकीचे परत केले. "कालचे राग धरू नका, काका," असे वर तोच म्हणाला. मान खाली घालण्याची पाळी माझी होती.

लोह्याला परतल्यावर वही काढली आणि एकशे आठवी नोंद लिहिली. मग थोडा विचार करून तिच्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, आदल्या दिवसाचीही नोंद केली: 'माळेगाव, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. पाळणा बंद.' बंद पाळण्याची नोंद मी यापूर्वी कधी ठेवली नव्हती.