ताईचा हेडफोन

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ला, मी डॅलसला गेले ती फुकटात अमेरिका बघायला. आतेबहिणीकडे राहायचं, मॉल पालथे घालायचे, जमलं तर एखादा लेख पाडायचा.. टिपिकल फ्रीलान्सर हिशोब! पण ताई दिवसभर हेडफोन लावून बसलेली. ती हेल्थ इन्शुरन्स एजंट आहे आणि १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी हा तिचा सीझन. दिवाळीत मिठाईवाल्याचा असतो ना, तसा. फक्त यंदा येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भांडायलाच येत होतं.

तिकडे ज्यांना कंपनीचा विमा नाही ते सरकारी मार्केटप्लेसवरून पॉलिसी घेतात. हे ओबामाकेअरचं बाळ. २०१३ला वेबसाइट सुरू झाली, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्यावर सहाच जणांची नोंदणी झाली होती! आता साइट बरी चालते. जुना आजार आहे म्हणून कुणाला नाही म्हणता येत नाही, की जास्त पैसे लावता येत नाहीत. मस्तच की, मी म्हटलं. ताई हसली नाही. दर कंपनी ठरवणार, सरकार तपासणार, वाढ १५ टक्क्यांच्या वर गेली की कंपनी कारणं जाहीर करणार.. आणि शिव्या ताई खाणार.

"मला एक डॉलर कमी करता येत नाही गं. कुठूनही घ्या, भाव तोच. तरी लोकांना वाटतं, हिने काहीतरी दाबून ठेवलंय."

त्यात कोविडच्या काळात सुरू झालेली जादा सबसिडी डिसेंबरअखेर संपणार होती. त्यावरून तिथलं सरकार ४३ दिवस बंद पडलं, तरी ती संपलीच.

एका दुपारी एक गुजराती काका फोनवर होते. नवराबायको बासष्टीचे, छोटं दुकान, वर्षाचं उत्पन्न ८६ हजार डॉलर. आधीच्या एजंटने न विचारता त्यांचा प्लॅन बदलून टाकला होता. अशा भामट्यांमुळे २०२४च्या जुलैपासून नियम आला, की नव्या एजंटला अशा नोंदणीत बदल करायचा तर ग्राहक आणि कॉल सेंटर दोघांनाही लाइनवर घ्यायचं. भामटे गेले, होल्डवरचं म्युझिक ताईच्या वाट्याला आलं. चाळीस मिनिटं!

मग आकडा आला. महिन्याला सहाशे भरणाऱ्या काकांना आता चोवीसशे. कारण दोघांच्या कुटुंबाला सबसिडीची मर्यादा ८४,६०० डॉलर. त्याच्यावर गेलात की शून्य. काका आधी ओरडले, मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं मला स्पीकरवर ऐकवेना.

ताईने वही ओढली. "काका, मी अकाउंटंट नाही, तुमच्या माणसाला विचारा. पण रिटायरमेंट खात्यात दोनेक हजार टाकले तर..?" उत्पन्न ८४ हजारांवर येतं आणि हप्ता सातशेच्या आसपास. या सगळ्या उठाठेवीचं ताईला काय मिळतं? माणशी महिन्याचे ठरलेले काही डॉलर. काकांनी वाद घातला असता आणि फोन आपटला असता, तरी तास गेलाच असता.

रात्री मॅगी खाताना तिने सहज विचारलं, "तुझा विमा आहे ना गं?"

"आहे की," मी म्हटलं. नव्हता. नोकरी सोडली तेव्हा कंपनीची पॉलिसीही सुटली. पर्समध्ये इनहेलर मात्र कायम असतो.

पुण्याला परतल्यावर फॉर्म उघडला. आपल्याकडे सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, तेवढाच आनंद. तिसऱ्या पानावर प्रश्न: दमा आहे का? ताईच्या देशात हा प्रश्न दर ठरवायला विचारताच येत नाही. इथे हो म्हटलं तर हप्ता वाढू शकतो, दम्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, किंवा पॉलिसी सरळ नाकारलीही जाऊ शकते. नाही म्हटलं तर.. पहिल्याच क्लेमला पकडले जाईन.

'हो'वर टिक केलं आणि ताईला फोन लावला. एंगेज. सीझन ना!