बर्फाच्या सफरीचे गाठोडे

सोलापुरात थंडीचे कपडे म्हणजे एक स्वेटर, एक शाल आणि घरातल्या बुजुर्गांची कानटोपी. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या गावात याहून जास्त ठेवून करायचे काय? त्यामुळे काश्मीरला जायचे ठरते, तेव्हा तिकिटांचा हिशेब जमतो आणि कपड्यांपाशी अडतो. आपल्या ओळखीतली किती तरी कुटुंबे याच एका खर्चाला घाबरून बर्फ पाहण्याचा बेत पुढच्या वर्षावर टाकत राहतात.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस आम्ही पाचजण गुलमर्गला जाऊन आलो. मी, माझे पती, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. निघण्याआधी एका मोठ्या दुकानात चौकशी केली. पाच जणांची जॅकेटे, बूट, हातमोजे आणि आतले गरम कपडे मिळून पंचवीस हजारांच्या घरात आकडा गेला. तो ऐकून अम्मींनी त्याच संध्याकाळी जाहीर केले, "मेरे वास्ते नक्को बेटी, तुमलोगां जाके आओ." अडुसष्ट वर्षांच्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जे केले, तेच ती पुन्हा करत होती. मग आम्ही ठरवले की कपड्यांचा खर्च आठ हजारांवर जाता कामा नये आणि अम्मी घरी राहता कामा नयेत.

हे जमण्यासाठी थंडी कशाने अडते ते आधी समजून घ्यावे लागते. शाळेत मुलांना आम्ही शिकवतो की हवा उष्णतेची मंदवाहक आहे. कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवाच आपल्याला गरम ठेवते. म्हणून एका महागड्या जाड कोटापेक्षा तीन साधे थर बरे. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे काहीही. हे "काहीही" म्हणजे आपला पावसाळी रेनकोटसुद्धा चालतो, फक्त तो स्वेटरवर सैल बसला पाहिजे.

आम्ही सुताच्या गावची माणसे. सोलापुरी चादर रेल्वेच्या बाकावर फार कामाला आली, पण बर्फात सूत उपयोगाचे नाही. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि ओले कापड अंगाची ऊब ओढून घेते. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. जीन्स तर बर्फात नेऊच नये. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

थर्मलचे पाच जोड साध्या होजिअरीच्या दुकानातून घेतले, पाचशे रुपयांना एक. स्वेटरांसाठी घरची पेटी उघडली. कमी पडले ते दोन तिबेटी स्वेटरवाल्यांकडून आणले. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत त्यांची दुकाने लागतात आणि त्यांचा बराचसा माल लुधियानाचा असतो. लोकरी मोजे, टोप्या आणि हातमोजे मिळून हजार रुपये झाले. पतींसाठी जॅकेट त्यांच्या मित्राकडून मागून घेतले.

इथे मुलीने नाक मुरडले. "दुसऱ्यांचे कपडे घालून फोटो काढायचे?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे म्हणता येणार नाही. ईदला नवे कपडे घालायची आपल्याला सवय; उतरलेल्या कपड्यांची आपल्या घरांत लाज वाटते. मी तिला एवढेच विचारले, की चार दिवसांसाठी घेतलेले जॅकेट सोलापुरात पुन्हा कधी घालशील? ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा श्रीनगरच्या बाजारापर्यंत फुगलेलाच होता.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून गाडीने बनिहाल आणि बनिहालहून रेल्वेने श्रीनगर असा आमचा मार्ग होता. बनिहालच्या पुढे गाडी पीर पंजालच्या बोगद्यात शिरते. अकरा किलोमीटरहून लांब असलेला हा बोगदा संपला आणि बाहेर सगळे पांढरे. शेते, छपरे, सफेद्याची झाडे. डब्यातली काश्मिरी मंडळी निवांत गप्पा मारत होती आणि आमची मुले काचेला नाक लावून बसली होती.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. आम्ही पहिल्या, सर्वांत कडक चिल्ल्याच्या शेवटच्या दिवसांत पोहोचलो होतो. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसे आहेत, त्यांनी फेब्रुवारीचा मध्य धरावा. गुलमर्गला तेव्हाही बहुधा भरपूर बर्फ असतो आणि थंडीचा जोर थोडा उतरलेला असतो.

श्रीनगरला रविवारी टूरिस्ट रिसेप्शन सेंटरपासून लाल चौकाकडे रस्त्याच्या कडेने बाजार भरतो. तिथे वापरलेल्या जॅकेटांचे ढीग असतात. चेन चालते का, शिवण उसवली आहे का आणि खिशात हात घालून अस्तर फाटलेले आहे का, एवढे पाहून घ्यावे. मुलांना चारशेला एक अशी दोन जॅकेटे मिळाली. त्या ढिगांतून स्थानिक कॉलेजच्या मुलीही हसतखेळत कपडे निवडताना दिसल्या, तेव्हा आमच्या कन्येचा चेहरा खुलला आणि तिने स्वतःच लाल रंगाचे जॅकेट शोधून काढले.

अम्मींसाठी आणि माझ्यासाठी फिरन घेतले, नऊशेला एक. भगिनींनी हे लक्षात ठेवावे. बुरख्याचा घोळ बर्फात भिजतो, जड होतो आणि पायांत येतो. फिरन सैल असतो, साधारण गुडघ्यापर्यंत येतो आणि त्याच्या आत दोन स्वेटर सहज मावतात. पडदाही राहतो, ऊबही मिळते. सलवारीच्या आत थर्मल घालावे. ओढणीचे किंवा स्कार्फचे टोक मोकळे सोडू नये. स्लेजवर बसताना ते अडकू शकते.

स्थानिक लोक फिरनच्या आत कांगडी धरतात. विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे आणि त्यात निखारे. ती त्यांची लहानपणापासूनची सवय आहे. आपण हौस म्हणून कपड्यांत घेऊ नये, भाजते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झोपताना बंद खोलीत कांगडी, शेगडी किंवा गॅस हीटर पेटता ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. पलंगावर विजेचे ब्लँकेट असेल तर अंथरूण गरम करून ते बंद करावे.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. त्याच्या तेरा किलोमीटर अलीकडे तंगमर्गला गाड्या थांबतात आणि भाड्याचे कोट व गमबूट घेण्याचा आग्रह होतो. आमच्या अंगावर पुरेसे कपडे होते. आम्ही नम्रपणे कोट नाकारले आणि फक्त बूट घेतले, दीडशेला एक जोड. बूट एक नंबर मोठा घ्यावा. दोन मोजे कोंबून घट्ट बसवलेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. मुलांच्या लोकरी हातमोज्यांवर मी भांडी घासायचे मोठे रबरी हातमोजे चढवले होते. दिसायला हसू येत होते, पण दोन तास बर्फात खेळूनही त्यांचे हात कोरडे राहिले. डोळ्यांना काळा चष्मा मात्र सर्वांना हवा. उन्हात बर्फ डोळे दिपवतो.

वुजूची काळजी अम्मींना सर्वांत जास्त होती. वुजू करून घातलेल्या चामडी मोज्यांवर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री मसह करण्याची सवलत आहे. त्यांनी तसे मोजे सोबत घेतले होते. साध्या मोज्यांबाबत निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. श्रीनगरच्या अनेक मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडे पेटवून ती गरम केलेली असते. पती आणि मुलगा फज्रला गेले की तिथून लवकर परतायलाच तयार नसत.

गुलमर्गला अम्मी स्लेजवर बसल्या. ओढणारा तरुण दर चढाला वळून "अम्मी, ठीक हैं?" असे विचारत होता. उतरल्यावर त्यांनी हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला आणि तो वितळेपर्यंत हातात धरून उभ्या राहिल्या.

कपड्यांचा एकूण खर्च आठ हजार पन्नास रुपये झाला. परतल्यावर मागून आणलेले जॅकेट धुऊन परत केले. बाकीचे कपडे धुतले, कडक उन्हात वाळवले आणि डांबराच्या गोळ्या घालून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवली. आतापर्यंत ती पेटी मोहल्ल्यातल्या तीन घरांबरोबर बर्फात जाऊन आली आहे. दुसऱ्या घराने तिच्यात दोन लहान मुलांचे स्वेटर वाढवले, तिसऱ्याने एक चष्मा. चार-पाच घरांनी मिळून अशी एक पेटी केली, तर कपड्यांपायी कुणाच्या अम्मीला घरी राहावे लागणार नाही.