झेरमॅटला जाताना दशम्या घ्या

मैत्रिणींनो, परदेशातल्या लेकीकडे राहायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न पडतोच. आपण इथं देश बघायला आलो, की हिचं स्वयंपाकघर आवरायला? माझी लेक झुरिकला असते. जुलैतल्या एका शुक्रवारी तिनं फर्मानच काढलं, “आई, ते पोळपाट ठेव आता. उद्या सकाळी झेरमॅटला जायचंय.” मी पोळपाट ठेवलं, पण वीस दशम्या लाटून झाल्यावर! तुम्हीही तेच करा. तिथल्या हॉटेलात पाच माणसांनी दोन वेळ जेवायचं म्हणजे पर्स रिकामी, आणि वितळलेलं चीज नि बटाटे पहिल्यांदा गोड लागतात, दुसऱ्यांदा नाही.

झुरिकहून विस्पपर्यंत मोठी गाडी. वाटेत 2007 साली सुरू झालेला लोचबर्गचा लांबच लांब बोगदा लागतो. साडेचौतीस किलोमीटर नुसता काळोख! नातीनं तेवढ्यात दोन दशम्या संपवल्या. विस्पला उतरून छोट्या गाडीत बसायचं. ती नदीच्या काठाकाठानं चढत जाते, आणि चढ फार झाला की रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीत चाक अडकवून चढते. रांडा गावाशी डोंगराची अख्खी कड कोसळल्याची खूण अजून दिसते. 1991 साली दोनदा दरड आली नि रूळ, रस्ता सगळं गाडून गेलं. जावई हे सांगत होते तेव्हा मला आपला पावसाळ्यातला घाट आठवला.

झेरमॅटमध्ये पेट्रोलच्या मोटारींना बंदी. आपली मोटार खाली टेश गावात ठेवायची नि गाडीनं वर यायचं. गावात विजेवर चालणाऱ्या, डब्यासारख्या चौकोनी टॅक्सी फिरतात. आवाज मुळीच नाही, त्यामुळे कधी पाठीशी येऊन उभ्या राहतात कळत नाही. मुलांचा हात सोडू नका, बरं का.

गावाची उंची सुमारे सोळाशे मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. आणि तिथून पुढं डोंगर सुरू होतात! मॅटरहॉर्न 4,478 मीटर. शनिवारी मात्र त्याचं नखही दिसलं नाही, सगळा ढगात.

मग आम्ही जुन्या वस्तीत शिरलो. इथली लाकडी कोठारं मला घरांपेक्षा जास्त आवडली. उन्हानं काळी पडलेली, चार पायांवर उभी, आणि प्रत्येक पायावर जात्याच्या पाळीएवढी एक गोल सपाट फरशी. कशासाठी? उंदीर खांबावरून चढतो, पण ती फरशी ओलांडून त्याला वर जाता येत नाही. कणगीला शेण-मातीचा हात फिरवणाऱ्या माझ्या आजेसासूबाईंना हे दाखवायला हवं होतं.

त्याच चढावर आमचे हे थांबले. भिंतीला टेकून म्हणाले, “जरा फोटो काढतो.” कॅमेरा माझ्या पिशवीत होता.

आता तुम्हाला खरं सांगायचं, तर डिसेंबरात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, आणि आमच्या डॉक्टरांनी एकदम फार उंचावर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. लेकीला काळजी नको म्हणून ह्यांनी ते मला सांगू दिलं नव्हतं. आणि तिनं रविवारी गोर्नरग्राटला जायची पाच तिकिटं आधीच काढून ठेवलेली. ती दातेरी रुळाची गाडी 1898 पासून विजेवर चालते आणि अर्ध्या तासात 3,089 मीटरवर नेऊन सोडते. म्हणजे अर्ध्या तासात जवळजवळ पंधराशे मीटर! रात्री मी सगळं सांगून टाकलं. लेक रडली, हे रागावले. “तिकिटं फुकट घालवायची का?” म्हणाले. मी म्हटलं, “मग मीही नाही येत.” हे मी छत्तीस वर्षं म्हणत आलेय.

पहाटे साडेपाचला ह्यांनीच मला उठवलं. आम्ही दोघं चर्चजवळच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. आकाश स्वच्छ. आधी मॅटरहॉर्नचं टोक तेवढं तांब्याच्या नव्या कळशीसारखं उजळलं, मग ते ऊन हळूहळू खाली उतरत आलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हे म्हणाले, “मला एवढं पुरे. तू वर जा.”

गेले, मैत्रिणींनो. ह्यांच्याशिवाय अशी पहिल्यांदाच. आधी झाडं संपली, मग उरलं नुसतं गवत, आणि वर उतरल्यावर समोर मॉन्टे रोझा नि खाली हिमनदीचा करडा-पांढरा पट्टा. ती दर वर्षी मागे सरकते आहे, दोन्ही काठांवर उघडे पडलेले दगड दिसतात. वर पोचल्यावर घाई करू नका. मी चार पायऱ्या भराभर चढले नि धाप लागली. तेव्हा हे खाली राहिले ते किती बरं झालं, हे कळलं. दहा पावलं चालायचं, थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा.

उतरल्यावर लेकीनं संग्रहालयात नेलं. 14 जुलै 1865 ला एडवर्ड व्हिंपर आणि आणखी सहा जण मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघे गेले. तो तुटका दोर तिथं काचेत ठेवला आहे. सुतळीपेक्षा थोडा जाड, एवढाच. मला तो फार वेळ बघवला नाही. पण त्यानंतर सहाच वर्षांनी, 1871 मध्ये, ल्युसी वॉकर नावाची बाई त्याच शिखरावर जाऊन आली, तीही त्या काळच्या घोळदार झग्यात! नऊवारीत शेतं तुडवणाऱ्यांना त्याचं नवल नसेल, मला मात्र वाटलं.

हे बाकावर बसले होते, चेहरा खुललेला. काळ्या मानेच्या नि पांढऱ्या पाठीच्या बकऱ्यांचा कळप घंटा वाजवत भर रस्त्यातून गेला म्हणे, आणि एक ह्यांच्या पिशवीतली दशमी हुंगून गेली. परतीच्या गाडीत विस्प येईपर्यंत मी वरचं सांगत होते आणि हे खालचं. शेवटी मी काढलेले फोटो बघायला घेतले.

“एवढं सगळं बघितलंस,” हे म्हणाले, “आणि सगळ्या फोटोंत नातीची टोपीच?”